मसूरच्या फलाटावरील टोपी

#धागा : सातारा-सांगलीच्या शिरोवस्त्रांविषयी

१/
वाळवा तालुक्यातील एका घराच्या माळ्यावर पत्र्याची जुनी ट्रंक आहे. तिच्यात दागिने नाहीत, जमिनीचे कागदही नाहीत. आहेत त्या पगड्या, पागोटी, रुमाल आणि टोप्या. घरातील तिशी ओलांडलेल्या मुलाने त्या बारा वर्षांत एकेक करून जमवल्या. त्यांतील काही तो सणासुदीला डोक्यावर घालतोही. गावाला त्याचे हे वेड ठाऊक आहे. कोणी कौतुक करतो, कोणी टोपी उडवतो. मात्र ही ट्रंक नीट उलगडली तर या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न समोर येतो : डोक्यावरील वस्त्र माणसाविषयी जे सांगत असे, ते सांगण्याची मुभा कोणाला होती?

२/
आरंभ पणजोबांच्या टोपीपासून झाला. खादीची, पांढरी, घडीवर पिवळी पडलेली. दिवाळीच्या आवराआवरीत ती एका गाठोड्यात सापडली. त्याने ती धुतली, खळ दिली, इस्त्री केली आणि पाडव्याला घालून ओसरीवर आला. आजी क्षणभर थबकली आणि म्हणाली, “अगदी आमचं मामंजी दिसतोस रं.” तिने डोक्यावरचा पदर सावरला, तो नातवासमोर नव्हे, त्या टोपीसमोर. एका वस्त्रात एवढे सामर्थ्य कुठून येते, हे कुतूहल त्याला त्या दिवशी लागले.

३/
प्रथम शब्द नीट समजून घेऊ, कारण आज सरसकट सगळ्यालाच ‘फेटा’ म्हटले जाते. पगडी म्हणजे पगडबंदाने आधीच बांधून, आकार देऊन पक्की केलेले शिरोवस्त्र. ती उलगडत नाहीत, टोपीसारखी चढवतात आणि उतरवून खुंटीला ठेवतात. पागोटे, फेटा, पटका हे लांब कापड दर वेळी डोक्यालाच गुंडाळायचे असते. फेट्याचा वर उभा राहतो तो तुरा, पाठीवर रुळतो तो शेमला. मुंडासे म्हणजे शेतकऱ्याने, मजुराने हाताशी असेल त्या कापडाचा डोक्याला दिलेला वेढा. रुमाल कचेरीत जाणाऱ्यांचा, मंदील जरीचा आणि मानाचा. पगडी विकत मिळते. पागोटे बांधता यावे लागते.

४/
‘टोपी’ हा शब्द मराठी राजकारणात फार जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या साऱ्यांसाठी मिळून एकच नाव येते : टोपीकर. त्यांचा देश, धर्म, भाषा वेगळी असली तरी मराठी मुत्सद्द्याच्या नजरेत त्यांना एकत्र आणणारी खूण डोक्यावर होती. व्यापारी म्हणून आलेले हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राज्ये उभी आहेत, हा इशारा त्या ग्रंथात आहे. म्हणजे माणूस तोंड उघडण्यापूर्वी त्याचे डोके वाचायचे, ही सवय येथे पूर्वीपासून होती.

५/
पुढे टोपीकरांचेच राज्य आले आणि दोन शिष्टाचार समोरासमोर ठाकले. युरोपात आदर दाखवायचा तर हॅट काढतात. येथे आदर दाखवायचा तर जोडा काढतात आणि डोके झाकलेले ठेवतात. उघडाबोडका माणूस म्हणजे सुतकातला किंवा दरिद्री, अशी समजूत. या अंतराचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या न्यायालयात घडला. मॅजिस्ट्रेटने तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधींना पगडी उतरवण्यास सांगितले. त्यांनी ती उतरवली नाही. ते न्यायालयातून बाहेर पडले. या माणसाकडे धागा पुन्हा वळणार आहे.

६/
परंतु शिष्टाचाराचा हा संघर्ष राज्यकर्ता आणि रयत यांच्यातला होता. रयतेच्या आत आणखी एक उतरंड होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्यावरील खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा पुष्कळसा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्या खंडात लोकांचे वर्णन जातवार आहे, आणि घर, अन्न यांच्या जोडीला पोशाखाचीही नोंद आहे. साहेबाने ही उतरंड निर्माण केली नव्हती, त्याने ती लिहून काढली. पागोट्याचा आकार, कापडाचा पोत, बांधण्याची ढब पाहून अनोळखी माणसाची जात, धंदा, प्रांत ओळखला जाई, आणि त्याला ओसरीवर घ्यायचे की अंगणात उभे ठेवायचे, हेही तेथेच ठरे.

७/
ट्रंकेच्या मालकाला ही माहिती पुस्तकातून मिळाली होती. अर्थ नंतर कळला. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला एक लाल पगडी मिळाली. आतील अस्तर जीर्ण, पण घाट शाबूत. साताऱ्यात एका मित्राच्या लग्नाला तो ती घालून गेला. मांडवात भाड्याच्या तयार फेट्यांची रांग होती. त्यांत ही अस्सल पगडी उठून दिसली. छायाचित्रे निघाली, वाहवा झाली. पंगतीनंतर खटाव तालुक्यातून आलेले मित्राचे थोरले चुलते जवळ येऊन बसले. बराच वेळ पगडीकडे पाहून त्यांनी विचारले, “झकास हाय. कुणाच्या डोक्यावरची?”

८/
त्याला सांगता येईना. विकणाऱ्याचे दुकान ठाऊक होते, मोजलेली किंमत ठाऊक होती. वयाचा अंदाज त्याने स्वतःच बांधला होता. ज्या माणसाने ती वर्षानुवर्षे घातली, त्याचे नाव मात्र त्याने कधी विचारलेच नव्हते. म्हातारा रागावला नाही. एवढेच म्हणाला, “आमच्या आज्याला ही घालून गावातनं जाता आलं असतं का, असं मनात आलं. म्हणून इचारलं.” दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या धाकट्या भावाने, फारसे काही न बोलता, एक लहानसे पुस्तक त्याच्या हाती ठेवले : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

९/
त्या आठवणींतील पहिला प्रसंग साताऱ्याचाच आहे. भीमराव तेव्हा साताऱ्यात शिकत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले होते. वडील खटाव तालुक्यात कामावर होते. १९०१ च्या सुट्टीत त्यांनी मुलांना भेटीला बोलावले : भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि मोठ्या बहिणीची मुले. आगगाडीचा पहिलाच प्रवास. घरात उत्साहाला उधाण आले. प्रवासासाठी नवे सदरे शिवले, रेशमी काठांची धोतरे आणली, नवे जोडे आणले आणि चमचमत्या, खडे जडवलेल्या टोप्या घेतल्या.

१०/
संध्याकाळी गाडी मसूरला थांबली. इतर उतारू निघून गेले. घेण्यास कोणी आले नव्हते. वडिलांना मुलांच्या येण्याची खबरच पोचली नव्हती. स्टेशनमास्तर जवळ आला, आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांचे कपडे आणि एकंदर रूप पाहून ही ब्राह्मणाची मुले असावीत, असा त्याचा समज झाला होता. जात विचारताच मुलाने सहजपणे सांगितले, महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो बाजूला झाला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर एक जण कबूल झाला. रात्रीच्या अंधारात प्रवास झाला. घरून आणलेले अन्न जवळ होते. पाणी कोठेही मिळाले नाही.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रसंगातील टोपीपाशी थांबले पाहिजे. अर्धा तास त्या टोपीने आपले काम चोख केले. तिने एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘चांगल्या घरचा’ केले, स्टेशनमास्तरला प्रेमळ केले. मग एक शब्द उच्चारला गेला आणि तीच टोपी निरुपयोगी ठरली. दोष टोपीत नव्हता, मुलांतही नव्हता. टोपी वाचण्याची जी लिपी सर्वांना पाठ होती, तिच्यात होता. त्या लिपीत या मुलांसाठी चमचमत्या टोपीचे अक्षरच नव्हते. ट्रंकेच्या मालकाने ते पान दोनदा वाचले आणि लाल पगडी काही महिने बाहेर काढली नाही.

१२/
ही लिपी उलटी वाचून दाखवण्याचा एक प्रयत्न त्याआधी झाला होता. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण, हेही खटाव तालुक्यातले. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या मेजवानीला सारे प्रतिष्ठित शालजोड्या, पगड्या, दागिने घालून आले असता जोतीराव मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. राणीच्या मुलाने हिंदुस्थानची रयत पाहायची असेल तर या पगड्यांत पाहू नये, हा त्यामागचा अर्थ. पगडी घालता येत नव्हती म्हणून त्यांनी साधा वेष केला नव्हता. पगडीआड कोण झाकले जाते, ते त्यांना दाखवायचे होते.

१३/
तिसरा प्रयत्न लिपीच बदलण्याचा. त्याची हकिगत सांगणारे काका कालेलकर १८८५ साली साताऱ्यातच जन्मले. पांढरी टोपी कशी सुचली, हे गांधीजींनी त्यांना सांगितले होते. निरनिराळ्या प्रांतांतील शिरोवस्त्रे त्यांनी पाहिली. उष्ण देशात डोके झाकायला काहीतरी हवे. पण पागोट्याला कापड फार लागते आणि त्यात मळ दडून राहतो. काश्मिरी टोपी हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात मावणारी. पण ती लोकरीची, म्हणून त्यांनी सुताची केली. रंग पांढराच का? घाम आणि मळ दिसावा, म्हणजे ती धुवावीच लागेल. दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगातल्या कैद्यांच्या टोपीशी तिचे नाते जोडणारेही अभ्यासक आहेत.

१४/
या टोपीचे खरे नावीन्य तिच्या घाटात नाही. पागोटे जात सांगे, प्रांत सांगे, ऐपत सांगे. ही टोपी या तिन्ही गोष्टी सांगायचे नाकारते. वकील, विणकर, कुळ, सावकार यांच्या डोक्यांवर ती सारखीच दिसते. असहकाराच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांना ती खुपली, ती यासाठीच : तिच्यावरून माणूस कुठला ते कळत नसे, फक्त तो कोणत्या बाजूचा आहे एवढेच कळे. गंमत अशी की जिला गांधीटोपी म्हणतात ती स्वतः गांधीजींनी फार थोडा काळ घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपी उतरवली. डर्बनमध्ये पगडी उतरवण्यास नकार देणाऱ्या माणसाने अखेर आपण होऊन डोके उघडे ठेवले.

१५/
सातारा जिल्ह्यात या टोपीची कसोटी १९४२ साली लागली. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावच्या मोर्चाने मामलेदाराच्या डोक्यावर गांधीटोपी चढवली, असे सांगतात. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपुरात गोळीबार झाला, माणसे मारली गेली. ट्रंकेतल्या पणजोबांच्या टोपीच्या पाठीशी हे वर्ष उभे आहे. पणजोबा मोर्चात होते की नाही, याचा पुरावा घरात नाही. पण त्या वर्षी त्या भागात ती टोपी घालून बाजारात जाणे ही देखील एक कृती होती.

१६/
पुढे १९४६ पर्यंत चाललेल्या प्रतिसरकारचे नायक क्रांतिसिंह नाना पाटील हे वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. त्यांचे चित्र आठवा : डोक्यावर टोपी नव्हे, पांढरा पटका. चळवळीत टोपीवाले होते, पटकेवाले होते, उघड्या डोक्याचे विद्यार्थीही होते. प्रतिसरकारने लोकन्यायालये चालवली आणि कमी खर्चाची, मानपानाला फाटा दिलेली ‘गांधी लग्ने’ लावली. मानपानात आहेर म्हणून ज्या पागोट्यावरून रुसवे होत, कर्ज होई, ते पागोटे त्यांनी व्यवहारातून वजा करू पाहिले, डोक्यावरून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे.

१७/
स्वातंत्र्यानंतर ती टोपी सत्तेच्या खुर्चीत जाऊन बसली. यशवंतराव चव्हाण मूळचे देवराष्ट्रेचे, वसंतदादा पाटील पद्माळ्याचे. या दोन्ही नेत्यांची छबी तिच्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. पण जी टोपी सर्वांना सारखे करण्यासाठी आली तीच हळूहळू ‘पुढाऱ्याची टोपी’ झाली, आणि तिच्याविषयीच्या विनोदांना ऊत आला. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, ‘टोपी फिरवणे’ म्हणजे बाजू बदलणे. हे वाक्प्रचार भाषेत होतेच, आता त्यांना चेहरे मिळाले. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनात ती पुन्हा तरुणांच्या डोक्यांवर आली, तीही अक्षरे छापून. कोऱ्या टोपीचे मौन तोवर पुरेसे राहिले नव्हते.

१८/
आता पुन्हा ट्रंकेकडे. वर्षभर विचार करून त्या तरुणाने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी जोडायला घेतली : कोणाची, कोठली, कशी मिळाली, कोण ती घालत असे. हे करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पगड्या नऊ, मंदील दोन, रुमाल सहा, टोप्या चौदा. मुंडासे एकही नाही. मसूरच्या मुलांच्या टोपीसारखी एकही टोपी नाही. संग्रहालयांतही बहुधा हेच दिसते. पगडी टिकते, कारण ती वेगळ्या खुंटीवर राहते, तिला पेटी असते, तिचे दुसरे काहीच होऊ शकत नाही. जुन्या वस्तूंच्या संग्रहावरून जुन्या समाजाचा अंदाज बांधणाऱ्याने ही मोजणी आधी करावी. शेतात राबणारी असंख्य डोकी त्या काळी होती. त्यांच्यावर जे होते ते आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

१९/
तो खटावला त्या चुलत्यांकडे गेला. आजोबांच्या डोक्याचे काही उरले आहे का, असे त्याने विचारले. म्हातारा हसला. “डोक्याला हुतं ते उनात डोक्याला. भाकरी बांधाय तेच, पाणी गाळाय तेच. फाटलं की पोराच्या झोळीला, झोळी फाटली की चुलीपाशी भांडी उचलाय. ठेवाय काय उरतंय?” चिठ्ठी आणि पेन तसेच हातात राहिले. वस्तू नसली की चिठ्ठी कशाला जोडायची, हे त्याला कळेना.

२०/
म्हाताऱ्याने खुंटीवरचा धुवट पंचा काढला. “बांधायचं कसं ते दाखवू का?” एक टोक दातांत धरले, दुसरे कपाळावरून मागे नेले, पीळ दिला, एक वेढा, दुसरा जरा वर, आणि शेव कानामागून आत खोचला. आरसा नव्हता, अर्ध्या मिनिटाचाही वेळ लागला नाही. मग त्यांनी ते सोडले आणि पंचा त्याच्याकडे दिला. पहिल्यांदा त्याचा वेढा भुवयांवर घसरला. दुसऱ्यांदा शेव सुटला. म्हातारा शेजारी बसून सांगत राहिला, आज्याचे नाव, त्याच्या वाट्याला आलेली कामे, कोणत्या वाटेने जाता येत असे आणि कोणत्या नाही. पाचव्या खेपेला मुंडासे डोक्यावर बसले. म्हाताऱ्याने ते बोटाने दाबून पाहिले, मान हलवली, सोडायला लावले आणि त्याच पंचाने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

२१/
ट्रंकेत त्या दिवशी काहीही वाढले नाही. वहीत मात्र अडीच पाने भरली : एक नाव, एक गाव, तीन वाटा आणि पाच वेढ्यांचे वर्णन. गेल्या दिवाळीत त्याने पणजोबांची टोपी पुन्हा धुतली. लाल पगडीही त्याने बाहेर काढली; तिच्या चिठ्ठीवर नावाची जागा अजून रिकामी आहे, आणि ती भरेपर्यंत ती डोक्यावर घालायची नाही, असे त्याने ठरवले आहे.

(धागा समाप्त)